जखमी रुग्ण आणि न सांगितलेले निदान

अपघातात सापडलेला रुग्ण दवाखान्याच्या दारात आला की आपण प्रथम त्याचा श्वास, नाडी आणि रक्तस्राव पाहतो. तो थोडा स्थिरावला की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो, ‘याची एचआयव्ही तपासणी झाली आहे का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. ज्याच्या हातांना रोज परक्याचे रक्त लागते, त्याने तो विचारू नये असे कोण म्हणेल? तथापि हा प्रश्न आपण नेमका कोणासाठी विचारतो, याचा ऊहापोह आपल्या व्यवसायात फारसा झालेला नाही. आपण तो बहुधा स्वतःसाठी विचारतो. प्रस्तुत लेखातील माझे प्रतिपादन असे की, जखमी रुग्णाची एचआयव्ही तपासणी वैद्याच्या रक्षणाचे साधन म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. रुग्णाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने मात्र ती अत्यंत मोलाची ठरू शकते. आपल्याकडे ती अनेकदा पहिल्या हेतूने, रुग्णाच्या नकळत केली जाते आणि तिचे फळ ज्याला मिळावयास हवे त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

हा विषय आपला कसा?

काही वाचकांना वाटेल की अपघात विभाग, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी ही सारी आधुनिक वैद्यकाची क्षेत्रे. त्यांची चर्चा आयुर्वेदीय त्रैमासिकात कशाला? वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी किंवा शहरांच्या उपनगरांत रात्री दोन वाजता खासगी रुग्णालयात जखमी रुग्णाला प्रथम हात लावणारा निवासी वैद्यकीय अधिकारी पुष्कळदा बीएएमएस पदवीधर असतो. २०१४ साली राज्यात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवरही आपले अनेक तरुण पदवीधर काम करीत आहेत. ग्रामीण भागात ट्रॅक्टरखाली सापडलेला, कडबाकुट्टीत हात गेलेला, विळ्याने कापलेला रुग्ण आधी गावातल्या डॉक्टरांकडेच येतो आणि टाके तिथेच पडतात.

शास्त्राच्या दृष्टीनेही हा प्रांत आपल्याला परका नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात सद्योव्रणांचा स्वतंत्र अध्याय सांगून छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे त्यांचे सहा प्रकार वर्णिले आहेत. शिवाय रक्तमोक्षण, सिरावेध, जलौकावचारण, क्षारसूत्र, विद्धकर्म या आपल्या नित्याच्या उपक्रमांत रुग्णाच्या रक्ताशी संबंध येतोच. म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार हा आपल्या घरचाच विचार आहे.

अज्ञात संसर्गाचा प्रश्न

जखमी आणि तातडीच्या रुग्णांमध्ये न ओळखला गेलेला एचआयव्ही संसर्ग किती असू शकतो, याकडे जगाचे लक्ष प्रथम वेधले ते अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ओळीने आलेल्या २३०२ प्रौढ रुग्णांच्या रक्ताची, त्यांची ओळख पूर्णतः वेगळी ठेवून, तपासणी करण्यात आली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील ५.२ टक्के रुग्ण बाधित होते आणि त्या बाधितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांचा संसर्ग तोवर कोणाच्याही लक्षात आलेला नव्हता. ते शहर, तो काळ आणि तेथील साथीचे स्वरूप वेगळे होते. ती टक्केवारी आपल्या तालुक्याला लावणे सर्वस्वी चूक ठरेल. परंतु त्या पाहणीने शिकवलेली गोष्ट सर्वत्र लागू पडते. रुग्णाच्या चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, व्यवसायावरून किंवा त्याने सांगितलेल्या पूर्वेतिहासावरून संसर्ग ओळखता येत नाही. पुढे २००६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १३ ते ६४ वयोगटातील रुग्णांना कोणत्याही रुग्णालयात, तातडीच्या विभागातसुद्धा, ही तपासणी नित्याची म्हणून देऊ करावी आणि नको असल्यास रुग्णाने नकार द्यावा, अशी शिफारस केली.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात १९८६ साली चेन्नई येथे, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, पहिले एचआयव्ही बाधित आढळले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, अलीकडील अंदाजांनुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि प्रौढांतील प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. बाधितांच्या संख्येत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला असून येथील प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून अधिक आहे. या सर्व बाधितांपैकी साधारणपणे पाचांत एकाला आपल्या संसर्गाची कल्पनाच नाही. म्हणजे देशात काही लाख माणसे अशी आहेत की, ज्यांच्या शरीरात विषाणू आहे, ज्यांच्यासाठी मोफत उपचार उपलब्ध आहेत आणि ज्यांना यांतले काहीच ठाऊक नाही.

ही माणसे आहेत तरी कोण? आपल्या आरोग्ययंत्रणेत एचआयव्ही तपासणीची काही ठरलेली दारे आहेत. गर्भवती स्त्रीची तपासणी होते. क्षयरोग्याची होते. दात्याने दिलेले रक्त तपासले जाते. परंतु पंचवीस-तीस वर्षांचा, एरवी धडधाकट असलेला पुरुष यांपैकी कोणत्या दाराने आत येणार? मालमोटारीवरचा चालक, इमारतीवर काम करणारा स्थलांतरित मजूर, हंगामात कोयता घेऊन जिल्हा ओलांडणारा ऊसतोड कामगार, हे लोक सर्दीतापाला दुकानातून गोळी घेतात आणि कामाला जातात. त्यांना रुग्णालयाची पायरी चढावी लागते ती बहुधा अपघात झाल्यावरच. २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजारांहून अधिक रस्ते अपघात झाले, त्यांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. बळी पडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होते. जे वय अपघाताचे, तेच या संसर्गाचेही. म्हणून अस्थिभंगाने खाटेवर पडलेला तरुण हा यंत्रणेच्या हाती क्वचित लागणारा, निदानाची संधी घेऊन आलेला रुग्ण असतो. तो एकदा घरी गेला की पुन्हा भेटतो तो पुष्कळदा क्षयाने ग्रासून, वजन घटून, क्षीणबल आणि क्षीणौज अवस्थेत.

मूक तपासणी

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, ‘मग अडचण काय? आमच्याकडे शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाची तपासणी होतेच.’ खरी अडचण तिथेच आहे. अनेक खासगी रुग्णालयांत शस्त्रक्रियापूर्व तपासण्यांच्या यादीत एचआयव्ही, हिपॅटायटीस-बी आणि हिपॅटायटीस-सी या तपासण्या साखरेच्या तपासणीसारख्याच लिहिल्या जातात. रुग्णाला विचारले जात नाही. निर्दोष अहवाल कागदांच्या गठ्ठ्यात जातो. सदोष अहवाल मात्र सर्वांना कळतो; अपवाद फक्त रुग्णाचा.

काही वर्षांपूर्वी मी एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीचे काम करीत असतानाचा अनुभव सांगतो. मांडीचे हाड मोडलेला एक तरुण संध्याकाळी दाखल झाला होता. दुसऱ्या रात्री कामावर आलो तेव्हा त्याची खाट रिकामी होती. चौकशी केली तेव्हा समजले की, रक्ताचा अहवाल आल्यावर नातेवाइकांना ‘शस्त्रक्रियागृहातले यंत्र बंद पडले आहे, मोठ्या रुग्णालयात न्या’ असे सांगण्यात आले होते. सोबत दिलेल्या पत्रात एचआयव्हीचा उल्लेख नव्हता. वॉर्डबॉयपासून हिशेबनिसापर्यंत सर्वांना त्याचे कारण माहीत होते. फाइलच्या कोपऱ्यात तांबड्या शाईची खूण होती. ज्याच्या रक्तातून ही माहिती काढली तो तरुण, त्याची पत्नी आणि त्याचा म्हातारा बाप मात्र यंत्र बिघडल्याच्या समजुतीत रुग्णवाहिकेत बसले. शिवाय तो अहवाल एकाच प्राथमिक चाचणीचा होता. नाकोच्या पद्धतीप्रमाणे लक्षणरहित व्यक्तीचे निदान तीन वेगवेगळ्या चाचण्या सदोष आल्याखेरीज निश्चित होत नाही. म्हणजे निदानही पुरे झाले नव्हते आणि माणूस मात्र रुग्णालयाबाहेर गेला होता.

ज्याची तपासणी झाली त्यालाच शेवटी कळावे, ही आपल्याकडची जुनी व्यथा आहे. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा यांचे प्रकरण आपल्यापैकी ज्येष्ठांना स्मरत असेल. त्यांनी रक्तदान केले, त्या रक्ताची तपासणी सदोष आली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांकरवी त्यांना नेऊन क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ एकाकी डांबून ठेवण्यात आले. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात तशी तरतूद होती. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक यांनी पुढे बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते, भीती अफाट होती. त्या भीतीचे निदान स्पष्टीकरण तरी देता येईल. आज उपचार हाती असताना तीच भीती कोपऱ्यातील तांबड्या खुणेच्या रूपाने टिकून राहावी, हे अधिक लाजिरवाणे आहे.

कायद्याने आता या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो शासकीय असो वा खासगी, कर्तव्य ठरवले. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या कायद्यानुसार व्यक्तीच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या माहितीपूर्ण संमतीवाचून तपासणी करता येत नाही. संमतीत तपासणीपूर्व व तपासणीनंतरचे समुपदेशन अंतर्भूत आहे. संसर्गाच्या कारणाने उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो. माहितीची गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते की, याच कायद्याने कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधने, प्रशिक्षण आणि संसर्गसंभव घडल्यास प्रतिबंधक औषध पुरविण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकली आहे.

मग वैद्याच्या जिवाचे काय?

यावर येणारा आक्षेप मला पूर्णपणे समजतो. ‘रुग्णाचे हक्क मान्य, पण टाके घालताना सुई माझ्या बोटात शिरली तर?’ या आक्षेपाला बगल देऊन चालणार नाही. घरी लहान मुले असलेल्या तरुण डॉक्टराची किंवा तुटपुंज्या पगारावर ड्रेसिंग करणाऱ्या भगिनीची भीती खरी आहे. तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही, वस्तुस्थितीनेच द्यावे लागते.

पहिली वस्तुस्थिती अशी की, तपासणीचा अहवाल आपले रक्षण करीत नाही. संसर्ग झाल्यापासून प्रतिपिंडे चाचणीत दिसेपर्यंत काही आठवडे, क्वचित तीन महिनेही जातात. या अवधीत अहवाल निर्दोष येतो आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण मात्र अतिशय जास्त असते. म्हणजे ‘निगेटिव्ह’ शिक्का पाहून हातमोजे काढून ठेवणारा डॉक्टर सर्वांत धोक्यात असतो. शिवाय तातडीच्या प्रसंगी अहवाल येण्यापूर्वीच आपले हात रक्ताने माखलेले असतात. अहवाल आला तेव्हा काळजी घ्यावी, ही कल्पनाच अपघात विभागाच्या कामाशी विसंगत आहे.

दुसरी वस्तुस्थिती आकड्यांची. बाधित रक्त लागलेली सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सरासरी हजारांत तीन इतकी आहे. हिपॅटायटीस-बीच्या बाबतीत लस न घेतलेल्या व्यक्तीला ती शंभरांत तीसपर्यंत जाऊ शकते. असे असूनही एचआयव्हीच्या नावाने कापरे भरणाऱ्या आपल्या दवाखान्यांत हिपॅटायटीस-बी लसीच्या तीन मात्रा किती कंपाउंडरांना आणि परिचारिकांना मिळाल्या आहेत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

तिसरी वस्तुस्थिती उपायांची. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गयुक्तच आहे असे गृहीत धरून प्रत्येक वेळी हातमोजे. रक्त उडण्याचा संभव असेल तेथे मुखपट्टी आणि चष्मा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती थेट न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकणे. उपकरणांचे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुकीकरण. सांडलेल्या रक्तावर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. हे एवढेच खरे कवच आहे. जळू एका रुग्णास लावल्यावर दुसऱ्यास लावावयाची नाही. वाग्भटांनी वापरलेली जळू सात दिवस पुन्हा लावू नये असे सांगितले आहे ते तिच्या प्रकृतीच्या दृष्टीने. रक्तजन्य विषाणूंचे ज्ञान झाल्यावर आज एक जळू एकाच रुग्णासाठी, हाच नियम शास्त्राला अभिप्रेत मानला पाहिजे.

इतके करूनही सुई टोचलीच, तर जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. पिळू नये, बोट तोंडात घालू नये. त्यानंतर विलंब न लावता शासकीय रुग्णालय किंवा एआरटी केंद्र गाठावे. प्रतिबंधक औषध शक्य तो दोन तासांच्या आत सुरू व्हावे, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही, आणि ते २८ दिवस पूर्ण घ्यावे लागते. अशा प्रसंगी रुग्णाला विश्वासात घेऊन, संमतीने त्याची तपासणी करता येते आणि ती अवश्य करावी. ज्या रुग्णाशी आपण आधीपासून सरळ वागलो आहोत तो बहुधा नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

तपासणी कशी सुचवावी?

येणाऱ्या प्रत्येक जखमीची सक्तीने तपासणी करावी असे माझे म्हणणे नाही. सक्तीला कायदा परवानगी देत नाही. शास्त्रीय कारणही नाही. माझे म्हणणे एवढेच की, दाखल झालेल्या प्रत्येक प्रौढ जखमी रुग्णाला ही तपासणी त्याच्या हितासाठी म्हणून देऊ केली जावी, आणि ती योग्य वेळी देऊ केली जावी.

योग्य वेळ म्हणजे वेदनेने तळमळत असतानाची नव्हे. बेशुद्ध किंवा भेदरलेल्या रुग्णाकडून घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही. प्रथम रक्तस्राव थांबावा, हाड बांधले जावे, वेदना शमाव्यात. दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी, नातेवाइकांची गर्दी नसताना, खाटेशेजारी स्टूल ओढून बसावे आणि साध्या शब्दांत बोलावे : ‘तुमची जखम आता सुधारते आहे. रुग्णालयात आलाच आहात तर आणखी काही तपासण्या करून घेता येतील. त्यांत एचआयव्हीचीही आहे. ती आम्ही तुमच्यासारख्या सगळ्यांनाच सुचवतो. काही निघालेच तर आज त्यावर चांगले औषध आहे आणि ते सरकारी केंद्रात मोफत मिळते. नको असेल तर नको म्हणा, तुमच्या उपचारांत फरक पडणार नाही.’ या सहा वाक्यांना दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. ‘सगळ्यांनाच सुचवतो’ हे शब्द विशेष महत्त्वाचे, कारण त्यांमुळे रुग्णाच्या चारित्र्यावर संशयाचे बोट राहत नाही. अर्थात ते शब्द खरे असले पाहिजेत. केवळ ट्रकचालकाला विचारायचे आणि शिक्षकाला वगळायचे, हा पक्षपात रुग्णाच्या लगेच लक्षात येतो.

आपल्याकडे समुपदेशनाची सोय नसल्यास रुग्णाला जवळच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवावे. तेथे तपासणी मोफत आणि गोपनीय असते. ज्यांना तिथवर जाण्याचा संकोच वाटतो त्यांना १०९७ हा राष्ट्रीय मदतक्रमांक लिहून द्यावा. आणखी एक तांत्रिक सूचना. रुग्णास मोठ्या प्रमाणावर रक्त चढवले असल्यास त्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्याचा अहवाल भ्रामक येऊ शकतो. अशा वेळी काही काळाने पुन्हा तपासणी सुचवावी.

अहवाल सदोष आला तर तो रुग्णाला स्वतःला, एकांतात सांगावा. भावाला, मालकाला किंवा सरपंचाला नव्हे. आणि सांगून सोडून देऊ नये. निदान आणि उपचार यांच्यामधल्या दरीतच पुष्कळ माणसे हरवतात. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत एआरटी देण्यास प्रारंभ केला. पूर्वी पेशींची संख्या ठरावीक पातळीखाली उतरेपर्यंत रुग्णाला थांबावे लागे. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. वेळेवर सुरू केलेल्या आणि नियमित घेतलेल्या औषधाने माणूस जवळजवळ सामान्य आयुर्मान जगतो आणि रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके घटले व तसेच राहिले की लैंगिक संबंधातून तो संसर्ग पुढे जात नाही. त्या मांडी मोडलेल्या तरुणाला कोणी हे सांगितले असते तर त्याच्या पत्नीचेही रक्षण झाले असते. यंत्र बिघडल्याची सबब ऐकून गेलेल्या माणसाबरोबर किती जणांचे भवितव्य अंधारात ढकलले जाते, याचा हिशेब कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत सापडत नाही.

वैद्य आणि औषधालयचालक

आता आपल्या शास्त्रापुरते दोन शब्द. एचआयव्हीचे समूळ उच्चाटन करणारे औषध आज कोणत्याही चिकित्सापद्धतीत उपलब्ध नाही. रसायन चिकित्सा, अग्निदीपन, आहारविहाराचे नियमन यांनी रुग्णाचे बल वाढविण्यास साहाय्य करणे हे आपले क्षेत्र आहे. परंतु त्यासाठी एआरटी थांबवण्याचा सल्ला देणे हा रुग्णाचा घात आहे. जाहिराती देऊन ‘एड्सवर खात्रीशीर इलाज’ करणाऱ्यांनी आयुर्वेदाची जेवढी अप्रतिष्ठा केली तेवढी आपल्या कट्टर विरोधकांनीही केली नसेल.

दुसरी गोष्ट औषधालयचालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. सध्या एआरटीच्या पहिल्या पसंतीच्या गोळीत टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडीन यांसमवेत डोल्युटेग्राव्हिर हे द्रव्य असते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे धातू त्याच्याशी आतड्यात बद्ध होतात आणि त्याचे शोषण घटवतात. आता अस्थिभंगाच्या रुग्णाला आपण काय देतो ते आठवा. प्रवाळ, शंख, शुक्ती, कुक्कुटाण्डत्वक् ही सारी कॅल्शियमप्रधान. रक्तक्षयासाठी मंडूर आणि लोहाचे कल्प. शिवाय बाजारातील कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधे. ही रिकाम्या पोटी त्या गोळीसोबत घेतली गेली तर एआरटीचा प्रभाव उणावण्याचा संभव आहे. साधा नियम असा की, डोल्युटेग्राव्हिरयुक्त गोळी अशा औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. परंतु हा सल्ला द्यायचा कोणाला? ज्याने आपला संसर्ग आपल्याला विश्वासाने सांगितला त्यालाच. ज्याला सांगण्याची भीती वाटते तो रुग्णालयात गोळ्या उशीखाली दडवतो किंवा खाडा करतो, आणि आपण त्याला निःशंकपणे प्रवाळाची पुडी बांधून देतो. तांबड्या शाईची खूण रुग्णाला आपल्यापासून दूर ढकलते ती अशी.

संघटनेने काय करावे?

आपल्या संघटनेची जिल्हावार अधिवेशने होतात, निर्यातीच्या संधी आणि औषधनिर्मितीचे परवाने यांवर परिसंवाद होतात. ते आवश्यकच आहे. त्यांच्या जोडीला तीन छोटी कामे हाती घ्यावीत अशी माझी विनंती आहे. पहिले, सभासदांच्या दवाखान्यांतील सर्व कर्मचाऱ्यांसाठी हिपॅटायटीस-बी लसीकरणाची मोहीम. दुसरे, जवळचे चाचणी केंद्र, एआरटी केंद्र आणि प्रतिबंधक औषध रात्री-अपरात्री कोठे मिळते याची माहिती देणारा एक तक्ता प्रत्येक जिल्हा शाखेने छापून दवाखान्यांत आणि औषधालयांत लावावा. तिसरे, जे बीएएमएस पदवीधर खासगी रुग्णालयांत रात्रपाळी करतात, त्यांना हातमोजे आणि प्रतिबंधक औषधाचा कायदेशीर हक्क मिळवून देण्यासाठी संघटनेने रुग्णालयचालकांशी बोलावे. एकट्यादुकट्या नोकरदार डॉक्टराने तशी मागणी केली तर त्याची नोकरी जाते. संघटनेने केली तर तिला वजन येते. आणि याच चर्चेत, संमतीवाचून होणारी मूक तपासणी बंद करण्याचा आग्रहही आपण धरला पाहिजे. सुरक्षितता मागायची आणि रुग्णाची फसवणूक चालू द्यायची, असे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येणार नाही.

आधी परीक्षा, मग चिकित्सा हा आपल्या शास्त्राचा क्रम आहे. पण परीक्षेचे फलित रुग्णाच्या हितासाठी वापरावयाचे असते, हे त्या क्रमातच गृहीत आहे. ज्या वैद्याने निदान केले आणि ते रुग्णाला न सांगता त्याला दाराबाहेर काढले, त्याने परीक्षाही केली नाही आणि चिकित्साही केली नाही. उद्या आपल्या दवाखान्यात येणारा जखमी माणूस कोणत्या संसर्गासह येईल हे आपल्या हाती नाही. तो येथून जाताना स्वतःच्या शरीराविषयी जे जाणण्याचा त्याला अधिकार आहे ते जाणून जावा, एवढे मात्र निश्चितपणे आपल्या हाती आहे. व्यवसायबंधूंनी आणि औषधालयचालकांनी याचा गांभीर्याने विचार करावा, अशी नम्र अपेक्षा.